एडू डिव्हाइसचा ड्रायव्हर: इंटरप्ट जमला, डीएमए बाकी

क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममधलं 'एडू' हे पीसीआय (कार्डं जोडण्याची बस) डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस चालवणारा कोड, शिकण्यासाठीच बनवलंय. व्हेंडर आयडी १२३४, डिव्हाइस आयडी ११ई८. इथले आयडी, रजिस्टरचे (डिव्हाइसमधल्या छोट्या कप्प्यांचे) पत्ते आणि त्यांतली मूल्यं हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आहेत; फॅक्टोरियलचे आकडे तेवढे दशमान. लिनक्स कर्नलला आयडी टेबल (चालणाऱ्या डिव्हाइसची यादी) आणि प्रोब (सुरुवातीचं), रिमूव्ह (आवराआवरीचं) ही फंक्शन्स देऊन ठेवायची. डिव्हाइस जुळलं की कर्नल स्वतःच प्रोबला बोलावतं.

प्रोबमध्ये आधी डिव्हाइस एनेबल, मग त्याचे रीजन (पत्त्यांचे पट्टे) राखून घेणं, मग बार ०, म्हणजे रजिस्टरांचा पट्टा, मॅप करणं. रजिस्टर ०० वाचलं की ०१००००ईडी मिळतं. ०४ मध्ये १२३४५६७८ लिहून परत वाचलं की प्रत्येक बिट उलटून ईडीसीबीए९८७ येतं. एवढं जुळलं तर मॅपिंग बरोबर आहे. ८० च्या खालची रजिस्टरं फक्त ४ बाइटनेच वाचायची-लिहायची.

खरी मेहनत इंटरप्टमध्ये, म्हणजे डिव्हाइस प्रोसेसरला मारतं त्या हाकेत आहे. एमएसआय (मेसेजने येणारा इंटरप्ट) न वापरता जुनी आयएनटीएक्स ही इंटरप्टची लाइन घेतली, तर ती इतर डिव्हाइससोबत वाटून घ्यावी लागते. त्यासाठी शेअर्ड फ्लॅग लागतो आणि इंटरप्ट नोंदवताना द्यायचा शेवटचा पॉइंटर नल (रिकामा) चालत नाही, नोंदणीच नाकारली जाते. हँडलरने, म्हणजे इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने, रजिस्टर २४ वाचायचं. शून्य असेल तर 'माझा नाही' असं सांगून बाहेर पडायचं. नसेल तर तोच आकडा ६४ मध्ये लिहून मगच 'हाताळला' म्हणायचं. ६४ मधलं लिहिणं राहिलं की लाइन वरच राहते, हँडलर पुन्हापुन्हा धावतो आणि मशीन गोठल्यासारखं होतं. लॉगमध्ये या इंटरप्टबद्दल तक्रार उमटत नाही, कारण कर्नलच्या लेखी सगळं हाताळलं जातंय. उलट, स्वतःचाच इंटरप्ट नाकारत राहिलात तर १,००,००० पैकी ९९,९०० हून अधिक वेळा कोणी वाली नाही असं दिसल्यावर कर्नल ती लाइनच बंद करतं. लाइन सामायिक असल्याने हँडलर नोंदताक्षणी बोलावला जाऊ शकतो, म्हणून नोंदणी प्रोबमध्ये मॅपिंगनंतर आणि रिमूव्हमध्ये सुटका अनमॅपच्या आधी.

चाचणीला एडूचं फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) उत्तम. २० मध्ये ८० (काम संपलं की इंटरप्ट दे) लिहून, ड्रायव्हरमधला 'झालं' हा फ्लॅग खाली करून, मग ०८ मध्ये दशमान १२ लिहायचं. फ्लॅग नंतर खाली केला तर तेवढ्यात आलेला इंटरप्ट पुसला जातो आणि उत्तराची वाट पाहणारी प्रोसेस झोपूनच राहते. उत्तर ४७,९०,०१,६००. १३ ला १,९३,२०,५३,५०४ आलं तर ड्रायव्हरमध्ये चूक शोधत बसू नका. खरं उत्तर ३२ बिटांत मावतच नाही.

पुढचं काम डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट मेमरी वापरणं. बस मास्टर (डिव्हाइसला त्यासाठीची मुभा) सुरू केल्याशिवाय काहीच हलणार नाही. एडूची पोच मुळात २८ बिटांची, म्हणजे २५६ एमबी. ही मर्यादा, म्हणजे मास्क, कर्नलला सांगितली नाही तर बफर त्याच्या वर मिळू शकतो. मग एडू पत्त्याचे वरचे बिट छाटतं आणि डेटा मेमरीत भलत्याच जागी जाऊन पडतो.