सकाळची कोटा फरशी आणि संध्याकाळची

वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं जुनं घर विकून काका-काकूंना मांजलपूरला, लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. गुडघे दोघांचेही गेलेले. दोन्ही व्यवहार माझ्याकडेच, म्हणून सकाळी त्यांच्या घरी गिऱ्हाईक नेलं आणि संध्याकाळी त्यांनाच गिऱ्हाईक म्हणून घेऊन गेलो.

सकाळी काका रंगात होते. "ही कोटा फरशी बघा. वडिलांनी उभं राहून घोटून घेतलीय. मे महिन्यात अनवाणी चाला, पंखा लागत नाही!" भाव सांगितला ९० लाख. त्या गल्लीतले अलीकडचे दस्तावेज ७० च्या पुढे गेले नव्हते. नवरा-बायको "विचार करून कळवतो" म्हणून गेले. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ ठरलेला.

संध्याकाळी फ्लॅटच्या दारातच काका थबकले. "कोटा? अहो, ही उखडून व्हिट्रिफाइड बसवायची म्हणजे किती खर्च! तेवढा भाव कमी करायला सांगा." काकू ओट्यापाशी नळ सोडून बघत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "सकाळी तर पंखा लागत नव्हता."

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचा एकेक मग फुकट देऊन तिथेच बाजार भरवला होता. तो हातात येऊन काही मिनिटंच झालेली, तरी विकणारे घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. कानमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी हे १९९० मध्ये छापलं. वस्तू आपली झाली की जास्त मोलाची वाटते, याला एन्डाउमेंट इफेक्ट म्हणतात; हे नाव थेलर यांचं, १९८० चं. काही मिनिटांत मगाचं असं होत असेल, तर वडिलांनी घोटून घेतलेल्या फरशीचं काय! मुरलेल्या व्यापाऱ्यांत हा प्रकार कमी दिसतो, असं अर्थतज्ज्ञ जॉन लिस्ट यांना खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात आढळलं. दलालांना काळीज नसतं म्हणतात, ते यामुळेच असेल.

परतताना गाडीत विचारलं, "काका, तुमचं घर आज दुसऱ्या कुणाचं असतं आणि तुम्ही घ्यायला आला असतात, तर किती दिले असते?"

लालबागचा पूल उतरेपर्यंत काका गप्प. मग म्हणाले, "बासष्ट. वरच्या खोलीला ओल आहे."

त्या ओलीबद्दल मला पहिल्यांदाच कळत होतं. ती गिऱ्हाइकाला दाखवूनच ६८ ला बानाखत, म्हणजे विक्रीचा करार झाला. झोपाळा मात्र काकांनी पितळी कड्यांसकट व्यवहारातून वगळायला लावला.