उकड पुन्हा काढली

आज 2016मधला माझा उकडीच्या मोदकांचा लेख नव्याने लिहिला. गुगलच्या शोधात लेख वर दिसावा म्हणून ‘उकडीचे मोदक रेसिपी’ हे शब्द त्यात 14 वेळा कोंबलेले! गुगलने ऑगस्ट 2022मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ अपडेट आणलं, म्हणजे शोधासाठी नाही तर वाचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या लेखांना वर आणणारा बदल; डिसेंबरमध्ये दर्जाच्या निकषांत लिहिणाऱ्याचा अनुभवही धरला. मला हे मनापासून पटतं.

म्हणून सकाळी आधी उकड काढली, मग लिहायला बसले. जेवढी पिठी तेवढंच पाणी, त्यात चमचाभर तूप, झाकण ठेवून दणदणीत वाफ. गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. पारीला चीर गेली तर उकड कोरडी झालीय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. हे आईने शिकवलेलं जुन्या लेखात कुठेच नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

अजून असे 40 लेख आहेत. उद्या पुरणपोळी.