कोनदार मोनोस्पेस फॉन्ट: कुठे शोभतो, कुठे फसतो

मोनोस्पेस फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं. फॉन्टच्या आकाराचे 1000 समान भाग (एकक) मानले आणि ही रुंदी त्यातले 600 असेल, तर 20 पिक्सेल आकाराला एक अक्षर 12 पिक्सेल आणि आठ आकडे नेमके 96 पिक्सेल. म्हणूनच टायमर, मीटर, गुणफलक अशा ठिकाणी तो हवाच. आकडा बदलला तरी शेजारचा हलत नाही.

कोनदार फॉन्टमध्ये गोलाईच्या जागी 45 अंशांचा काप असतो. डच डिझायनर विम क्राउवेल यांनी 1967 मध्ये ‘न्यू अल्फाबेट’ हा फॉन्ट केला तो याच विचाराने: तेव्हाच्या कॅथोड रे (जुन्या टीव्हीसारख्या) पडद्यावर वळणं ओबडधोबड दिसत, सरळ रेषा टिकत. दिसायला देखणा, वाचायला अवघड. तो पेच आजही सुटलेला नाही.

कारण अगदी साधं आहे. अशा फॉन्टात कॅपिटल ‘ओ’चे चारही कोपरे कापलेले असतात, ‘डी’चे फक्त उजवीकडचे दोन. सगळा फरक तेवढाच. काप 60 एककांचा असेल तर 16 पिक्सेलला तो एक पिक्सेलही भरत नाही, आणि साध्या पडद्यावर दोन्ही अक्षरं एकच दिसतात. 8 आणि ‘बी’, 5 आणि ‘एस’ यांचीही तीच गत. काप किमान दोन पिक्सेल दिसावा, म्हणजे आकार 34 च्या आसपास हवा. दाट पिक्सेलच्या मोबाइलवर थोडं लहान चालतं. पण परिच्छेदाला हा फॉन्ट लावूच नये. मथळा, कोड, आकडे, बस्स.

निवडण्याआधी या जोड्या खऱ्या आकारात, खऱ्या पडद्यावर टाइप करून पाहाव्यात. शून्य आणि ‘ओ’ वेगळे ओळखू यावेत म्हणून शून्यावरची तिरपी रेघ बऱ्याच फॉन्टांत असते, पण बंद असते. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, ‘स्लॅश्ड-झिरो’ने ती चालू होते. ‘एम’ही तपासा: तीन उभ्या रेषा त्याच रुंदीत कोंबलेल्या असल्याने बोल्डमध्ये तिथे काळा डाग पडतो.

मोठ्या मथळ्याला 0.05 ईएम (फॉन्टच्या आकाराच्या 0.05 पट) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, छान दिसतं. मात्र शेवटच्या अक्षरानंतरही तेवढी जागा सुटते, म्हणून मध्यभागी ठेवलेला मथळा किंचित डावीकडे सरकतो. डावीकडे तेवढंच पॅडिंग (मोकळी जागा) द्या.

मराठी मजकूर असेल तर अधिक जपायला हवं. अशा बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते. ब्राउझर दुसराच फॉन्ट उचलतो आणि रांग मोडते. १, २, ३ हे आकडेही त्यातून सुटत नाहीत. शिवाय ते लेटर-स्पेसिंग देवनागरीला लागलं की शिरोरेषा तुटते आणि ‘तापमान’ हा शब्द चार तुकड्यांत दिसतो. म्हणून आकडे 1, 2, 3 असे इंग्रजीच ठेवा, मराठी मजकूर वेगळ्या ओळीत सरळ रेषांच्या साध्या देवनागरी फॉन्टमध्ये घ्या, आणि तिथे लेटर-स्पेसिंग शून्य करा.