इंजिन न उघडता वेग : आमची वाटचाल

आमच्या कार्यशाळेत सुरुवातीला बोटींच्या इंजिनांची फक्त दुरुस्ती व्हायची. पाण्याच्या पंपाचे इम्पेलर बदलायचे, कार्बोरेटर साफ करायचे, गिअरकेसमधलं (इंजिनाच्या पाण्यातल्या खालच्या भागातलं) तेल पांढुरकं झालं असेल तर सील बदलायचे. मी आणि माझा भागीदार, दोघांनाही मोठ्या आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनांचा, नाद होता. १५० हॉर्सपॉवरच्या पुढची व्ही-सिक्स (सहा सिलिंडरची) इंजिनं आली की बाकीची कामं मागे पडायची. या इंजिनांचे मालक हमखास एकच प्रश्न विचारत: आहे त्याच इंजिनातून अजून वेग काढायचा आहे, पण नवीन इंजिन परवडणार नाही, तर काय करता येईल?

त्या काळात या प्रश्नाला बाजारात ठरलेलं उत्तर होतं. हेड उतरवून घासा, कॉम्प्रेशन वाढवा, पोर्ट मोठे करा. खर्च भरपूर आणि इंजिनाचं आयुष्य कमी. आम्ही आधी कागदावर हिशेब मांडला, आणि आमच्या धंद्याची दिशा तिथेच ठरली.

पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा वेग ताकदीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ढोबळमानाने तो ताकद भागिले वजन याच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. म्हणजे इंजिनातून १० टक्के जास्त ताकद काढली तर वेग वाढतो साधारण ५ टक्के. २०० चं इंजिन काढून २५० चं लावलं, वजन तेवढंच राहिलं असं धरलं, तरी ताशी ८० किलोमीटरची बोट ८९ च्या आसपास जाते. उलट बाजूने पाहा: बोटीचं एकूण वजन १० टक्क्यांनी उतरवलं तरी तेवढेच ५ टक्के हाती येतात, आणि त्यासाठी एक पानाही लागत नाही. पेट्रोलचं वजन लिटरमागे पाऊण किलोच्या जवळपास असतं. दीड तासाच्या फेरीसाठी २०० लिटरची टाकी गच्च भरून नेणारा माणूस शंभरेक किलो फुकट ओढत असतो. जुन्या बोटींच्या तळातला फोम वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड झालेला असतो, तो हिशेब वेगळाच.

त्यामुळे आम्ही ठरवलं की इंजिनाच्या आतली कामं सर्वांत शेवटी. आधी पंखा (प्रोपेलर), मग इंजिनाची उंची, मग बोटीचा तळ आणि वजन. गिऱ्हाइकाचा पैसा याच क्रमाने खर्च व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पहिली मोठी गुंतवणूक आम्ही पंख्यांत केली. वापरलेले, पाती वाकलेले, कडा तुटलेले स्टेनलेस स्टीलचे प्रोपेलर आम्ही मिळेल तिथून गोळा करायचो. भागीदाराचा हात टिग वेल्डिंगवर बसलेला. तो पातं भरून घ्यायचा, पिच ब्लॉक या साच्यावर ठोकून आकारात आणायचा, मग समतोल तपासून पॉलिश. हळूहळू फळीवर १७ पासून २६ इंच पिचपर्यंतचे पंखे उभे राहिले. मग आम्ही अनामत घेऊन पंखा वापरून बघायला देऊ लागलो. न्या, तुमच्या बोटीवर लावा, नेहमीच्या माणसांसह आणि नेहमीच्या सामानासह पळवा, आकडे आणा. आवडला तर ठेवा, नाहीतर दुसरा न्या. कार्यशाळेचं नाव झालं ते याच सोयीमुळे, कारण प्रोपेलर ही डोळे झाकून विकत घ्यायची वस्तूच नाही.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी घट्ट असतं तर, किती इंच पुढे गेला असता ते अंतर. पाणी घट्ट नसतं, म्हणून तो थोडा घसरतो; त्याला स्लिप म्हणतात. एक उदाहरण देतो. इंजिन ५८०० आरपीएमवर (मिनिटाला ५८०० फेरे), गिअर रेशो १.७५ (इंजिनाच्या पावणेदोन फेऱ्यांमागे पंख्याचा एक फेरा), पंखा २१ इंच पिचचा. ५८०० ला १.७५ ने भागलं की पंख्याचे मिनिटाला ३३१४ फेरे येतात. त्याला २१ ने गुणून किलोमीटरमध्ये आणलं की ताशी १०६ हा कागदावरचा वेग मिळतो. जीपीएस ९५ दाखवत असेल तर स्लिप १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे उत्तम. जीपीएस ८२ वर अडकला असेल तर स्लिप २२ टक्क्यांच्या वर गेलेली असते, आणि तेव्हा दोष इंजिनाच्या ताकदीत नसून पंखा, उंची किंवा तळात कुठेतरी असतो. या गणिताला एक पैसा लागत नाही, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते समोर बसवून करायला लावतो.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग हा समज फार घट्ट आहे. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम यायला हवेत ती मर्यादा छापलेली असते. आजच्या बऱ्याच मोठ्या फोरस्ट्रोकसाठी ती ५००० ते ६०००, काहींची त्याहूनही वर. पंखा जड झाला तर इंजिन त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाही. ते दबून चालतं, सिलिंडरमध्ये उष्णता वाढते, डिटोनेशन (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टनचा माथा खायला लागतो. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. २३ चा पंखा काढून २१ चा लावल्यावर बोट जास्त पळाली, असं आमच्याकडे कितीतरी वेळा झालं आहे, आणि मालकाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघायला मला आजही तितकाच आवडतो.

ॲल्युमिनियमच्या जागी स्टेनलेस हा बदल मोठ्या इंजिनाला खरोखर लागतो. ॲल्युमिनियमचं पातं जोरात वाकतं, म्हणून ते जाड ठेवावं लागतं. स्टेनलेसचं पातळ असूनही आकार सोडत नाही. पात्याच्या मागच्या कडेला बारीक वळण देतात, त्याला कपिंग म्हणतात. कपिंगने पंखा हवा मिसळलेल्या पाण्यातही पकड ठेवतो, पण आरपीएम थोडे खाली येतात, म्हणून कप देताना पिच कमी धरायचा. हे काम आमच्या भागीदाराइतकं बारकाईने करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

उंचीचं काम आम्ही नंतर हाती घेतलं. कारखान्यातून निघालेली बोट सर्वांसाठी सुरक्षित असावी म्हणून इंजिन बहुतेक वेळा खाली बसवलेलं असतं. गिअरकेस जितका पाण्यात खोल, तितका तो पाणी जास्त अडवतो. इंजिन वर घेतलं की हा विरोध कमी होतो. त्यासाठी जॅक प्लेट लागते. ती इंजिनाला बोटीच्या मागच्या फळीपासून काही इंच लांब नेते आणि वरखाली करू देते. बोटीच्या मागे पाणी हळूहळू वर उठतं, म्हणून दर ८ ते १० इंच मागे नेल्यावर साधारण एक इंच वर घेता येतं. इंच-दीड इंचाच्या फरकाने वेगात दिसण्यासारखी वाढ होते, आणि बऱ्याचदा सुकाणूही हलकं होतं.

बाजारातल्या हायड्रॉलिक जॅक प्लेट महाग होत्या. आम्ही ६०६१-टी६ ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांची, हाताने बोल्ट फिरवून वरखाली करायची साधी प्लेट तयार केली. एकदा उंची सापडली की ती रोज बदलावी लागत नाही, मग मोटर आणि पंपाचे पैसे का द्यायचे? ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजाची जोडी जमवतो, म्हणून प्रत्येक बोल्टला इन्सुलेशनची पेस्ट आणि नायलॉनची बुश देतो. प्लेट लावण्याआधी मागच्या फळीची तपासणी ठरलेलीच. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, शंका आली तर बोल्टच्या भोकातून आतल्या लाकडाचा भुसा काढून ओल बघायची. इंजिन मागे नेलं की फळीवरचा जोर वाढतो. आतून कुजलेल्या फळीवर आम्ही प्लेट लावत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

आणि पाण्याच्या दाबाचा गेज. इंजिन वर घेतलं की इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या गिअरकेसवरच्या जाळ्या पृष्ठभागाजवळ येतात, हवा ओढतात, आणि इंजिन तापतं. गेजशिवाय हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आमची प्लेट गेजशिवाय विकत मिळत नाही. किंमत जोडूनच लावतो.

इथे माझ्या ताईचं काम सांगितलंच पाहिजे. हिशेब बघायला म्हणून ती आमच्यात आली, पण पहिल्या काही महिन्यांतच तिने विचारलं, "तुम्ही एवढ्या बोटी पळवता, लिहून कोण ठेवतं?" तेव्हापासून प्रत्येक चाचणी वहीत जाते: बोटीची लांबी आणि तळाचा प्रकार, इंजिन, गिअर रेशो, पंखा, व्हेंटिलेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) तळाच्या किती वर, माणसं, इंधन, आरपीएम, दोन्ही दिशांचा जीपीएस वेग, पाण्याचा दाब. वारा आणि प्रवाह कापला जावा म्हणून दोन्ही दिशांना पळवायचं, हा नियमही तिचाच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हाही. आज नवीन बोट आली की ताई वही उघडते आणि तशाच बोटीवर काय चाललं होतं ते सांगते. पहिलाच पंखा बरोबर बसण्याचं प्रमाण त्यामुळे खूप वाढलं.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र सुटे भाग न लावताच होते. कंट्रोलचा दांडा पूर्ण पुढे ढकललेला असतो, पण केबल ताणली गेल्यामुळे इंजिनावरचा थ्रॉटल पूर्ण उघडतच नाही. इंजिन बंद ठेवून, कव्हर काढून, एकाने दांडा ढकलायचा आणि दुसऱ्याने बघायचं. तसंच तळावरचे शिंपले, किंवा ट्रेलरच्या चुकीच्या आधारामुळे मागच्या भागात पडलेला खोलगट बाक. हा बाक बोटीचं पुढचं टोक खाली दाबतो आणि बोट पाण्याला चिकटून राहते. सरळ पट्टी लावली की लगेच दिसतो.

इंजिनाच्या आत आम्ही जातो, पण कमी. जुन्या टूस्ट्रोक व्ही-सिक्सवर आधी कॉम्प्रेशन तपासतो. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सुधारणेचा विषय तिथेच थांबतो आणि दुरुस्तीचा सुरू होतो. आकडे चांगले असतील तर स्टीलच्या रीडऐवजी (इंजिनात मिश्रण आत सोडणाऱ्या पातळ झडपा) कार्बन फायबर किंवा फायबरग्लासच्या रीड लावतो. प्रतिसाद सुधारतो, शिवाय स्टीलची रीड तुटली तर तुकडा थेट सिलिंडरकडे जातो, तो धोकाही कमी होतो. कार्बोरेटरांचा मेळ, टायमिंग आणि पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा इंधन फिल्टर, एवढं केलं की बहुतेक इंजिनं आपली हरवलेली ताकद परत मिळवतात.

इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग बदलून द्या, अशी मागणी आता वाढली आहे. कारण उघड आहे. एकाच ब्लॉकवर अनेक ताकदी विकल्या जातात; मर्क्युरीचं ३.४ लिटरचं व्ही-सिक्स १७५, २०० आणि २२५ मध्ये येतं, यामाहाचं ४.२ लिटरचं २२५ ते ३०० मध्ये. मग १७५ चं २२५ का करू नये? आम्ही ते करत नाही. वॉरंटी जाते, काही वेळा गिअर आणि शाफ्ट त्या ताकदीसाठी बनवलेले नसतात, आणि प्रदूषणाच्या कायद्यांत हे अडकतं. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली उत्सर्जन नियंत्रणाशी छेडछाड बेकायदा आहे. बोटीवरच्या पाटीवर छापलेली हॉर्सपॉवरची कमाल मर्यादाही ओलांडली जाऊ शकते, आणि मग विम्याचा प्रश्न उभा राहतो. या नकारामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ती जाणार हे धरूनच आम्ही निर्णय घेतला.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही याहून कडक आहोत. वेग वाढला की व्ही तळाची बोट एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर डोलायला लागते, तिला चाइन वॉक म्हणतात, आणि सैल केबलचं सुकाणू असेल तर ती बोट हातात राहत नाही. म्हणून ताशी ९० च्या पुढे जाणाऱ्या बोटीला हायड्रॉलिक सुकाणू असल्याशिवाय आम्ही उंचीचं काम घेत नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला बांधल्याशिवाय आमची कोणतीही चाचणी होत नाही. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींसाठी १ एप्रिल २०२१ पासून ते कायद्याने सक्तीचं झालं. आमच्या धक्क्यावर ते पहिल्यापासून होतं. माणूस पाण्यात पडला आणि बोट गोल फिरून परत त्याच्यावर आली, तर फिरता पंखा काय करतो ते ज्याने ऐकलंय त्याला ही दोरी जड वाटत नाही.

आता कार्यशाळेत वेल्डिंगची वेगळी खोली आहे, दोन तरुण मुलं पंखे दुरुस्तीचं काम शिकून तयार झाली आहेत, आणि दूरच्या गिऱ्हाइकांना आम्ही पंखे पाठवतो. त्यांच्याकडून आधी मागतो ते एवढंच: इंजिनाचं मॉडेल आणि गिअर रेशो, पंख्यावर कोरलेले आकडे, पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम, जीपीएसचा वेग, आणि बोट ट्रेलरवर असताना तळाची रेषा व व्हेंटिलेशन प्लेट एकत्र दिसतील असा बाजूचा फोटो. या फोटोवरून अर्धं निदान होतं.

सध्या आमचं लक्ष चार पात्यांच्या पंख्यांवर आहे. सहासात माणसं घेऊन जाणाऱ्या जड बोटींवर आम्ही ते तीन पात्यांशी जोडीने लावून बघतो आहोत. कमाल वेग बहुधा थोडा कमी येतो, पण बोट लवकर उचलते, कमी आरपीएमवरही उचललेली राहते आणि वळणात पकड सोडत नाही. कुटुंबासह फिरणाऱ्या माणसाला हेच हवं असतं. ताईने त्यासाठी वहीत नवा रकाना आखला आहे: बोट किती कमी वेगापर्यंत उचललेली राहते. तो भरत आला की चार पात्यांचे पंखेही अनामतीवर द्यायला सुरुवात करू.