‘येस’ टाइप करण्यापूर्वी

रोजचे काम आटोपताना मी शेवटी एक फोल्डर सर्व्हरवर पाठवतो. त्यात माझ्या मालकीचे काहीच नसते. पगारपत्रके, ताळेबंद, करविवरणपत्रे असे इतरांनी विश्वासाने सोपवलेले कागद असतात. हे काम मी अनेक वर्षे टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीतून, एसएफटीपी या सुरक्षितपणे फाइली पाठवणाऱ्या कमांडने करत आलो आहे. या अनुभवावरून माझे असे ठाम मत झाले आहे की एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलण्याची, चिंता हे साधन आपल्यावर जवळजवळ पडूच देत नाही. आपल्या वाट्याला फक्त एक प्रश्न येतो, आणि बहुतेक जण नेमका तोच न वाचता पुढे जातात.

फाइल पाठवण्याचा जुना मार्ग म्हणजे एफटीपी. त्याचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ मध्ये लिहिला. त्या काळी नेटवर्कवर यंत्रे मोजकी होती आणि वाटेत कोणी कान लावून बसेल ही भीती फारशी नव्हती. त्यामुळे एफटीपीमध्ये पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्या अक्षरांत जातात. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड टिपले, आणि त्या प्रकारानंतर तिथल्याच तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दुसऱ्या यंत्राशी एन्क्रिप्ट केलेली जोडणी करण्याचे साधन, लिहिले. आज बहुतेक यंत्रांवर असते ते ओपनएसएसएच हे त्याचे मुक्त रूप १९९९ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या प्रकल्पातून आले, आणि एसएफटीपी त्याच्याच सोबत येते.

जोडणी होते तेव्हा आपले यंत्र सर्व्हरच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे या कामासाठी ठरलेल्या दारावर, जाते आणि दोन्ही बाजू मिळून एक गुपित तयार करतात. ते गुपित तारेवरून कधीच जात नाही. दोघे काही उघड आकडे एकमेकांना देतात आणि त्यांवरून आपापल्या जागी तेच गुपित काढतात. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या या कल्पनेमुळे सगळे संभाषण ऐकणाऱ्यालाही ते गुपित हाती लागत नाही. मात्र तिच्यात एक फट आहे. गुपित तयार झाले हे खरे, पण ते कोणाबरोबर झाले? मध्ये एखादा तोतया उभा असेल, तर आपण त्याच्याशीच अत्यंत सुरक्षितपणे बोलत राहू.

ही फट बुजवण्यासाठी प्रत्येक सर्व्हरजवळ स्वतःची एक किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा लांबलचक आकडा, असते. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर संदेश येतो की या यंत्राची खातरजमा करता येत नाही. त्याखाली किल्लीचा प्रकार आणि ‘एसएचए२५६’नंतर ४३ अक्षरांचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्या किल्लीचा ठसा, दिसतो, आणि मग पुढे जायचे का, असे विचारले जाते. आपण ‘येस’ टाइप केले की ती किल्ली ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये नोंदली जाते, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी साधन स्वतःच ती ताडून पाहते. म्हणजे पुढचा सगळा भरवसा त्या पहिल्या उत्तरावर उभा असतो.

हे मला आधी कळत नव्हते असे नाही, तरीही माझ्या हातून चूक झाली. आम्ही भाड्याने घेतलेला एक सर्व्हर बंद केला होता, पण त्याचा पत्ता माझ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये तसाच राहिला होता. काही महिन्यांनी ती स्क्रिप्ट चालवली, तेव्हा मोठ्या अक्षरांतला तो इशारा आला: सर्व्हरची ओळख बदलली आहे. सर्व्हर नव्याने बसवला की हा इशारा येतोच, म्हणून मी सवयीने जुनी नोंद पुसली, ‘येस’ म्हटले आणि विचारल्यावर पासवर्डही दिला. तो नाकारला गेला. दुसऱ्यांदा टाइप करताना माझ्या लक्षात आले की तो पत्ता आता आमचा राहिलेलाच नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी यंत्राला मिळालेला आहे. माझा पासवर्ड पूर्णपणे एन्क्रिप्ट होऊन, वाटेत कोणाच्याही दृष्टीस न पडता, एका अनोळखी यंत्राच्या हाती पोचला होता. त्याच दिवशी मी तो सगळीकडे बदलला आणि पासवर्डने जोडणे कायमचे सोडून दिले.

आता मी ईडी२५५१९ प्रकारच्या किल्ल्यांची जोडी वापरतो, एक खासगी आणि एक सर्व्हरला दिलेली उघड. खासगी किल्ली माझ्या यंत्रातून बाहेर जात नाही, तिच्यावर परवलीचे वाक्य आहे, आणि ओळख पटवण्यासाठी जी सही पाठवली जाते ती त्या एका जोडणीपुरतीच चालते. तोतयाला ती खऱ्या सर्व्हरकडे नेऊन वापरता येत नाही. पण यावरून सर्व्हरची ओळख तपासायची गरज संपली असा समज करून घेणे धोक्याचे आहे. तोतया कोणतीही किल्ली ‘मान्य’ म्हणू शकतो. त्याने तसे म्हटले की आपण निर्धास्तपणे ‘पुट’ ही फाइल पाठवण्याची आज्ञा देणार आणि फाइली त्याच्याकडे जाणार.

फाइली पाठवणारी एससीपी ही दुसरी कमांडही मी पुष्कळ वापरली आहे, पण तिचा जुना प्रोटोकॉल आरसीपी या त्याहून जुन्या कमांडवर बेतलेला होता. आपण मागितलेलीच फाइल सर्व्हरने पाठवली का, हे ती नीट तपासत नसे. ही त्रुटी २०१९ मध्ये उघड झाली. ओपनएसएसएचच्या २०२२ मधल्या ९.० आवृत्तीपासून एससीपीसुद्धा आतून एसएफटीपीच वापरते, तेव्हा सरळ एसएफटीपीचीच सवय करावी असे मी सुचवेन. ‘एलएस’ने सर्व्हरवरच्या फाइली दिसतात आणि ‘एलएलएस’ने आपल्या यंत्रावरच्या, जोडणी मध्येच तुटली तर ‘रीपुट’ने उरलेला भागच पाठवता येतो, आणि मोठ्या फाइलींसाठी हा मोठा आधार आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हे एन्क्रिप्शन वाटेपुरतेच असते. सर्व्हरवर उतरलेली फाइल तिथे प्रवेश असलेल्या कोणालाही वाचता येते, म्हणून अधिक नाजूक कागद मी आधी जीपीजी या फाइली एन्क्रिप्ट करणाऱ्या साधनाने बंद करतो आणि मगच पाठवतो.

मागच्या महिन्यात आमचा सर्व्हर पुन्हा बदलला. या वेळी मी जोडण्याआधी तो सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना फोन केला आणि त्यांना सर्व्हरवरच बसून फिंगरप्रिंट वाचून दाखवायला सांगितले. तिसऱ्याच अक्षरावर आम्ही अडलो. त्यांच्याकडे लहान ‘एल’ होता, माझ्याकडे मोठा ‘क्यू’. त्यांनी पुन्हा वाचले, मी पुन्हा पाहिले, आणि अक्षरे काही जुळेनात. शेवटी त्यांनी विचारले, “तुमच्या पडद्यावर किल्लीचा प्रकार कोणता लिहिलाय?” माझ्याकडे ईडी२५५१९ होते, ते मात्र आरएसए या दुसऱ्या प्रकारच्या किल्लीचा ठसा वाचत होते. एकाच सर्व्हरवर दोन-तीन प्रकारच्या किल्ल्या असतात आणि प्रत्येकीचा ठसा निराळा असतो, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिले नव्हते. मग त्यांनी योग्य ठसा आमच्या दुसऱ्या, ओळखीच्या मार्गाने लिहून पाठवला. २०१९ पासून ओपनएसएसएचमध्ये ‘येस’च्या जागी तो ठसाच चिकटवता येतो आणि अक्षरे जुळवण्याचे काम साधन स्वतः करते. मी तो चिकटवला, एंटर दाबले, जोडणी झाली आणि त्या दिवसाचे फोल्डर गेले.