मॅक्रो चालवण्याआधीची एक ओळ

आमच्या गावच्या दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं मी एक्सेलवर काढते. सभासद १४०. दोन वेळचं दूध, प्रत्येक वेळी लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), आणि शेवटी पशुखाद्य व उचल यांची कपात. नवं दशक, म्हणजे पुढचे दहा दिवस, सुरू झालं की जुने आकडे पुसायला मी एक छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा प्रोग्राम, लिहिला होता. मागच्या पावसाळ्यात तो चुकीच्या शीटवर चालला. मॅक्रोत मी शीटचं नाव न घालता ‘अ‍ॅक्टिव्हशीट’, म्हणजे ‘जे शीट समोर असेल ते’, लिहिलं होतं, आणि त्या वेळी समोर चालू दशकाचं शीट होतं.

कंट्रोल झेड दाबलं. काही नाही. वर बघितलं तर अनडूचं बटण करडं.

एक्सेल २००७ पासून हाताने केलेली शंभर पावलं मागे घेता येतात. पण व्हीबीए (एक्सेलची मॅक्रो लिहायची भाषा) मॅक्रोने शीटमध्ये काही बदललं की मागे घ्यायच्या पावलांची ती सगळी यादीच रिकामी होते. मॅक्रोचं काम तर परत येत नाहीच, त्याआधी हाताने केलेलंही मागे घेता येत नाही. शेजारी दुसरी फाईल उघडी असेल तर तिचीही यादी जाते. सेल बदलला की आपोआप चालणाऱ्या मॅक्रोचंही हेच. तो प्रत्येक नोंदीला गुपचूप अनडू पुसत असतो.

फाईल सेव्ह न करता बंद केली. शेवटच्या सेव्हनंतर भरलेल्या तीन वेळच्या नोंदी गेल्या, म्हणजे १,२६० आकडे. सचिव म्हणाले, “ताई, बिलं उद्या वाटायचीत.” संकलनाच्या वहीवरून रात्री बसून सगळं पुन्हा भरलं. वही होती म्हणून. लोकांच्या घरात येणारा पैसा आहे तो. अंदाजाने एकही आकडा टाकता येत नाही.

त्यानंतर मॅक्रोची पहिली ओळ ‘सेव्हकॉपीअ‍ॅज’ केली. उघड्या फाईलची, सेव्ह न केलेल्या नोंदींसकट, प्रत निघते आणि आपली फाईल आहे तशी उघडी राहते. नावात तारीख आणि वेळ घालते, म्हणजे नवी प्रत जुनीवर बसत नाही. शीटचंही नाव लिहिलं.

मग खरंखुरं अनडू करायला घेतलं. पुसण्याआधी सभासद कोडपासून रकमेपर्यंतचा सगळा तक्ता दोन्ही मॅक्रोंना दिसेल अशा एका व्हेरिएबलमध्ये (आकडे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या जागेत) ठेवायचा, तो परत लिहिणारा दुसरा मॅक्रो करायचा, आणि पहिल्याच्या शेवटच्या ओळीत ‘अ‍ॅप्लिकेशन.ऑनअनडू’ला त्याचं नाव द्यायचं. कंट्रोल झेड दाबलं की तो दुसरा मॅक्रो चालतो. पहिल्याच चाचणीत आकडे परत आले तेव्हा खूप हलकं वाटलं.

पण माझी एक चूक राहिली होती. मी तक्ता ‘व्हॅल्यू’ने साठवला होता. चार दिवसांनी एका म्हशीच्या दुधाचा फॅट ६.७ चा ७.२ दुरुस्त केला, तर रक्कम जागची हलेना. रकमेच्या रकान्यातली सूत्रं जाऊन तिथे नुसते आकडे बसले होते. दिसायला तंतोतंत तेच! त्या सभासदाला कमी पैसे गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं. ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘फॉर्म्युला’ लिहिलं की साधे आकडे आकडेच राहतात आणि सूत्रं सूत्रं म्हणून परत येतात. रंग आणि रेघा मात्र याने येत नाहीत, त्या हव्या असतील तर प्रत उघडायची.

माझा भाचा एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस हा मोफत प्रोग्राम वापरतो. तिथे मॅक्रोचे बदल अनडूमध्ये उतरतात, फक्त पावलं फार होतात. ती ‘एंटरअनडूकॉन्टेक्स्ट’ने एकत्र बांधावी लागतात. एक्सेलमध्ये हे असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता ‘प्रती’ नावाचं एक फोल्डर आहे. बिलं वाटून झाली, सभासदांच्या तक्रारी मिटल्या, की त्या दशकाच्या प्रती काढून टाकते. त्याआधी नाही.