ठाण्याच्या अक्षांशावरचं कोलिमा

नकाशावर ठाण्यावरून पश्चिमेकडे आडवी रेघ ओढत नेली, तर आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून ती मेक्सिकोतल्या कोलिमा शहराजवळून जाते. दोन्ही साधारण १९.२ अंश उत्तरेला. कोलिमा राज्य साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आताच्या ठाणे जिल्ह्याहून साधारण एक तृतीयांशाने मोठं. उत्तर सीमेवर धुमसता ज्वालामुखी, दक्षिणेला पॅसिफिक. पाऊस जून ते ऑक्टोबरच, पण आपल्या निम्म्याहूनही कमी.

कोलिमातलं मांझानियो बंदर कंटेनरच्या उलाढालीत मेक्सिकोत पहिलं. बंदराला शहर चिकटलेलं, त्यामुळे ट्रेलरच्या रांगा वस्तीतूनच. हे दुखणं उरणकरांना वेगळं सांगायला नको.

पण खरी गंमत तिथल्या माडीत आहे. तिला ‘तुबा’ म्हणतात. मनिला ते आकापुल्को फिरणाऱ्या स्पॅनिश जहाजांवरच्या फिलिपिनो खलाशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कला तिथे नेली. पद्धत आपल्याकडच्या भंडाऱ्यांसारखीच: न उमललेली पोय (माडाचा फुलोरा) दोरीने घट्ट बांधायची, हलकी ठेचून वाकवायची, शेंडा छाटून खाली भांडं अडकवायचं. सकाळ-संध्याकाळ पातळ काप काढावाच लागतो. एक वेळ चुकली की काप सुकतो, तोंड बुजतं, धार आटते. पहाटेचा रस गोड, दुपारी फेसाळलेला, काही दिवसांत थेट सिरका. नीरा टिकवायला आपल्याकडे मडक्याला आतून चुना लावतात, तो आंबणं लांबवण्यासाठीच. कोलिमात फेरीवाला भोपळ्यातून पेला भरतो आणि वर शेंगदाणे, बारीक चिरलेलं सफरचंद टाकतो. चकणा पेल्यातच!

तेकोमान भागात कागदी लिंबाच्या बागा आहेत, तेही मूळचं आशियातलंच. २०१० मध्ये तिथे ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग आढळला. सायला नावाची बारीक कीड तो पसरवते, झाडाला उपाय नाही. रोगट झाड काढायचं आणि नवी पालवी फुटताना सायला आवरायची. मात्र गॅलरीतल्या लिंबाचं पान पिवळं दिसलं म्हणून लगेच झाड उपटू नका. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच पिवळेपणा असेल तर बहुधा जस्ताची कमतरता. एका बाजूला एक, दुसरीकडे भलतेच डाग असतील तर ग्रीनिंगचा संशय घ्या.

क्युयुत्लानला खाडीकाठच्या विहिरींतलं खारं पाणी उथळ वाफ्यांत वाळवून मीठ काढतात. वाफ्यांत प्लास्टिक अंथरलेलं असतं, त्यामुळे भाईंदरच्या मिठागरांतल्यासारखी तळाची माती मिठाला लागत नाही. जूनआधी ढीग हलवला नाही, तर पाऊस तो विरघळवून टाकतो, तिथेही आणि इथेही.